लाँड्रीचं पाणी पुन्हा वापरणारा यूएफ-आरओ संच: मेंब्रेन चांगल्या, त्यांच्या आधीची गाळणी कच्ची

दिवसाला १०,००० लिटर सांडपाणी घेणारा हा संच इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात जोडला जातो. नाव देत नाही, कारण थोड्याफार फरकाने हाच साचा बरेच जण विकतात, आणि त्याचे गुणदोषही जवळपास सारखेच असतात. लोखंडी चौकटीवर ड्रम जाळी, औषध सोडायचे पंप, ट्यूब सेटलर (गाळ खाली बसवणारा भाग), पोकळ धाग्यांचं एक अल्ट्राफिल्ट्रेशन (यूएफ, बारीक छिद्रांतून गाळणारं) मॉड्यूल, चार आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस, दाबाने मीठही अडवणाऱ्या) मेंब्रेन आणि पॅनेल, टाक्या वेगळ्या. आमचं मत आधीच सांगतो. मेंब्रेनची निवड चांगली आहे, पंप ठीक आहेत, पण मेंब्रेनच्या आधीचा भाग घाईत उरकलाय. तो नीट करून घेतला तर संच घेण्यासारखा आहे. जसा विकतात तसाच बसवला तर वर्षाच्या आत मेंब्रेन बदलायची वेळ येईल.

इंदूरात या यंत्राची गरज का, हे इथल्या लाँड्रीवाल्यांना सांगायला नको. नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर पंपांनी चढवत येतं, बऱ्याच वस्त्यांत नळ एक दिवसाआड येतो, आणि काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी कडक असतं. कडक पाण्याला पावडर जास्त, सोडा जास्त, आणि शेवटी टॉवेल खरखरीत. पुढून भरणाऱ्या यंत्रात साधारण १५ ते २५ लिटर पाणी दर किलो कापडाला लागतं. म्हणजे दिवसाला ४०० किलो कापड धुणाऱ्या मध्यम लाँड्रीला वरच्या आकड्याने १०,००० लिटर. विजयनगरच्या हॉटेलांच्या चादरी, भंवरकुआंच्या हॉस्टेलांचे गठ्ठे, दवाखान्यांचे गाऊन धुणाऱ्या बहुतेक लाँड्र्या याच मापात येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं वॉटर प्लस शहर (सांडपाणी प्रक्रिया केल्याशिवाय बाहेर न सोडणारं) ठरलं, तेव्हापासून फेसाळ पाणी नाल्यातून कान्ह किंवा सरस्वती नदीत सोडून देण्याचा रस्ता बंद झालाय आणि तो बंदच राहायला हवा.

संच बघण्याआधी पाणी बघा. यंत्रात पाच वेळा पाणी भरतं असं धरू: आधीची भिजवण, मुख्य धुणं, आणि तीन खंगाळण्या. मुख्य धुण्याचं पाणी सगळ्यात वाईट. पीएच १० ते ११, तापमान ६० अंशांच्या वर, त्यात तेल, मळ, सोडा, सिलिकेट आणि ब्लीच. पहिल्या खंगाळणीत त्याचाच उरलेला भाग. तिसऱ्या खंगाळणीचं पाणी मात्र इतकं बरं असतं की ते कुठल्याही मेंब्रेनमधून न जाता पुढच्या गठ्ठ्याच्या भिजवणीला थेट चालतं. एक टाकी, एक छोटा पंप आणि यंत्राच्या निचऱ्यावर एक वळवणारा व्हॉल्व्ह एवढ्यावर पाचातला एक भाग पाणी वाचतं. शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर किंवा खळ घालत असाल तर तिसऱ्याऐवजी दुसऱ्या खंगाळणीचं पाणी घ्या. दिवसाला तीन-चार हजार लिटरच वापरणाऱ्यांनी एवढंच करावं. त्यांना हा संच परवडणार नाही, आणि विकणारा काहीही म्हणो, छोट्या संचाला मोठ्याइतकीच देखभाल लागते.

आता संचाकडे. सुरुवात साठवण टाकीपासून, आणि पहिली चूकही तिथेच आहे. दिवसभर कधी गरम-क्षारयुक्त, कधी थंड-स्वच्छ असं पाणी येतं. ते एकसारखं व्हावं म्हणून टाकीत ढवळणं हवंच. कारखानदाराने त्यासाठी ब्लोअर आणि तळाला हवेच्या नळ्या दिल्यात. घरगुती सांडपाण्याच्या प्रकल्पात ते चालतं. साबणाच्या पाण्यात हवा सोडली की फेस टाकीच्या झाकणातून बाहेर येतो, पातळी दाखवणारा फ्लोट फेसावर तरंगतो, आणि पंप कोरडा चालतो. मग कुणीतरी फेस मारायला सिलिकॉनचं औषध ओततो. ते औषध मेंब्रेनच्या पृष्ठभागावर चिकटतं आणि नेहमीच्या धुलाईने निघत नाही. उपाय साधा आहे: ब्लोअर काढा, त्याऐवजी पाण्याखालीच तोंड असलेला फिरता पंप बसवा, अर्ध्या एचपीचा पुरतो. यंत्रातून येणारा पाइपही टाकीत पाण्याच्या पातळीखाली न्या. वरून धार पडू देऊ नका. फ्लोटऐवजी तळाच्या दाबावर चालणारा लेव्हल सेन्सर मागा.

त्यानंतर लिंट, म्हणजे कापडातून निघणारे बारीक तंतू. या सगळ्या संचात आम्हाला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते यावर. दिलेली ड्रम जाळी अर्ध्या मिलिमीटरची आहे. टॉवेलचा लिंट दोरीसारखा असतो, लांबीने मिलिमीटरांत पण जाडीने केसाहून बारीक. आडवा आला तर जाळीवर अडतो, उभा आला तर सरळ पार. जाळी काढून हातात धरली की तिच्यावर नमद्यासारखा करडा थर दिसतो, ओला, दोन बोटांनी सोलून निघणारा. जाळीच्या मागच्या बाजूला हात फिरवला की बारीक केसाळ टोकं बोटाला लागतात. तीच टोकं पुढे निघतात. यूएफच्या मॉड्यूलमध्ये ती पोकळ धाग्यांच्या मुळाशी, जिथे सगळे धागे राळेत रुतवलेले असतात, तिथे गुंतून दोर वळतात. उलट्या धारेने ती निघत नाहीत. दोर वळला की धागे एकमेकांवर घासतात आणि काही महिन्यांत तुटायला लागतात. म्हणून ड्रम जाळीनंतर १०० मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा), स्वतः उलटा धुतला जाणारा डिस्क फिल्टर हवाच. कारखानदार तो जादा पैशांत ऐच्छिक म्हणून देतो. आमच्या दृष्टीने तो ऐच्छिक नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना गेज लावा. दाबातला फरक अर्ध्या बारच्या पुढे गेला की धुलाई आपोआप सुरू व्हावी, फक्त घड्याळावर नको. टॉवेलचा दिवस आणि चादरीचा दिवस यांत लिंटचा कितीतरी पट फरक असतो.

गरम पाणी थंड करायची व्यवस्था मूळ संचात नव्हती, आता मागितल्यावर देतात. यूएफ मॉड्यूलला ४० आणि आरओला ४५ अंशांच्या वर पाणी सोसत नाही. शिवाय डिटर्जंटमधले काही नॉन-आयॉनिक (विद्युतभार नसलेले) घटक ठराविक तापमानाच्या वर पाण्यातून सुटून ढगाळ होतात आणि मेंब्रेनवर तेलासारखे बसतात. थंड करायला कूलिंग टॉवर लावू नका, पुन्हा फेस. प्लेट हीट एक्स्चेंजर घ्या आणि आत येणाऱ्या ताज्या पाण्याला ती उष्णता द्या. १,००० लिटर पाण्यातून १५ अंश काढून घेतले तर १७ युनिटांहून थोडी जास्त उष्णता परत मिळते. बॉयलरचं इंधन तेवढं वाचतं. प्लेटा मात्र डिस्क फिल्टरनंतरच बसवा, आधी बसवल्या तर लिंटने आठवड्यात बुजतील.

पीएच ७ ते ७.५ वर आणण्यासाठी संचात सौम्य सल्फ्युरिक आम्लाचा डोसिंग पंप आहे. काम होतं, पण दोन गोष्टी पाळा. आम्ल एकदम एका जागी पडलं की साबणातली चरबी सुटी होऊन लोण्यासारखे गोळे धरते. त्यामुळे ते मिसळण्याच्या नळीत, वाहत्या धारेत द्यावं. आणि पीएच मीटरची काच दर आठवड्याला पुसून बफरने तपासावी, नाहीतर ती साबणाने माखते आणि पॅनेलवर खोटं ७.२ दाखवत राहते. त्यानंतर पॉली-अॅल्युमिनियम क्लोराइड, मळाचे कण एकत्र आणून गाळ बसवणारं औषध. माहितीपत्रकात ठोक १५० मिलिग्रॅम दर लिटर लिहिलंय. तो आकडा आंधळेपणाने वापरू नका. एक-एक लिटरची सहा भांडी घ्या, ४० पासून १४० पर्यंत २०-२० ने वाढवत डोस द्या, मिनिटभर जोरात आणि दहा मिनिटं हळू ढवळा, अर्धा तास ठेवा. वरचं पाणी ज्या सगळ्यात कमी डोसला स्वच्छ होतं तोच घ्या. जास्तीचं अॅल्युमिनियम पुढे जाऊन डिटर्जंटमधल्या सिलिकेटशी मिळतं आणि आरओवर काचेसारखा पापुद्रा धरतं. तो आम्लानेही निघत नाही, क्षारानेही नाही. गाळ लवकर बसावा म्हणून पॉलीइलेक्ट्रोलाइट सुचवतील, त्याला नकार द्या. ते स्वतःच मेंब्रेनला चिकटतं.

यूएफचं मॉड्यूल पीव्हीडीएफ या प्लास्टिकचं आहे, ३३ चौरस मीटरचं, पाणी बाहेरून आत जाणारं, छिद्रं साधारण ०.०३ मायक्रॉनची. तासाला १,००० लिटर म्हणजे चौरस मीटरला ३० लिटर. लाँड्रीच्या पाण्यासाठी हा वेग योग्य आहे. काही विक्रेते याच मॉड्यूलवर तासाला २,००० लिटर दाखवतात. बोअरच्या पाण्यावर ते निघेलही, साबणाच्या पाण्यावर नाही. दर अर्ध्या तासाला मिनिटभर उलटी धार, त्यात ६० ते ७० लिटर पाणी जातं आणि ते परत सेटलरकडे येतं. नव्या मॉड्यूलच्या दोन बाजूंतला दाबफरक ०.२ ते ०.३ बार असतो. तो रोज लिहून ठेवा. उलट्या धारेनंतरही ०.६ च्या खाली येत नसेल तर रासायनिक धुलाईची वेळ झाली. एक बारपर्यंत वाट बघू नका. दररोज काम संपताना हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) आणि कॉस्टिक सोड्याची उलटी धार द्यायची, क्लोरीन ३०० पीपीएमच्या (दहा लाखांत ३०० भाग) आसपास, पीएच ११ ते १२, पंधरा मिनिटं भिजत ठेवायचं. आठवड्यातून एकदा सायट्रिक आम्ल, कारण बोअरचा चुना आणि सेटलरमधून निसटलेलं अॅल्युमिनियम क्षाराने जात नाही.

यात एक धोका लपलेला आहे. हायपोच्या भिजवणीनंतर मॉड्यूलमध्ये उरलेलं क्लोरीनचं पाणी कुठे जातं ते बघा. या संचाच्या पॅनेलमध्ये धुवून काढायचा टायमर ३० सेकंदांचा ठेवलाय, आणि त्यानंतरचं पाणी थेट आरओला पाणी देणाऱ्या टाकीत उघडतं. आरओच्या पॉलिअमाइड मेंब्रेनला ०.१ पीपीएमहून जास्त मोकळं क्लोरीन सहन होत नाही. टायमर किमान तीन मिनिटांवर न्या, आणि त्या काळातलं पाणी निचऱ्याला जाईल असा व्हॉल्व्ह जोडून घ्या. मुख्य धुण्यातलं ब्लीचही कधीकधी पुढे येतं, त्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाइटचा डोस असतो: हिशेबाने क्लोरीनच्या १.३४ पट, प्रत्यक्षात तिप्पट धरतात. आरओच्या तोंडाशी रोज डीपीडीच्या गोळीने क्लोरीन तपासा. गुलाबी छटा जरी आली तरी आरओ बंद ठेवा.

यूएफमधून निघालेलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि इथेच बरेच जण फसतात. गढूळपणा गेला, जंतू बव्हंशी गेले, पण विरघळलेलं मीठ, रंग आणि साबणाचे सुटे रेणू जसेच्या तसे पार होतात; ते छिद्रांपेक्षा कितीतरी लहान. बाटली अर्धी भरून दहा वेळा हलवा. फेस पाच मिनिटांनीही टिकला तर त्या पाण्याने शेवटचं खंगाळणं करू नका. भिजवणीला आणि मुख्य धुण्याला मात्र ते उत्तम, उरलेला साबण तिथे कामीच येतो.

मग आरओ कशाला, नुसत्या यूएफवर भागवू, असं विचारणाऱ्यांसाठी हा हिशेब. समजा ताज्या पाण्याचा टीडीएस (लिटरमागे किती मिलिग्रॅम मीठ विरघळलंय तो आकडा) ३०० आहे आणि एका धुण्यात सोडा-पावडर-ब्लीचने ६०० ची भर पडते. नुसतं यूएफ करून ८० टक्के पाणी परत फिरवलं तर मीठ साठत साठत टीडीएस ३,३०० वर जाऊन स्थिरावतो. चादरी पिवळसर पडतात, इस्त्रीच्या रोलरवर पांढरी खर धरते, स्टीलवर डाग येतात. आता हा संच: १०,००० लिटरपैकी ७०० लिटर गाळ आणि धुलाईत जातं, ३,००० लिटर यूएफचं पाणी थेट धुण्याला, उरलेलं ६,३०० लिटर आरओला. त्यातून ६५ टक्के, म्हणजे ४,१०० लिटर खंगाळायला मिळतं. एकूण ७,१०० लिटर परत, २,९०० लिटर ताजं. या वाटणीत टीडीएस १,००० च्या आसपास थांबतो. आरओ इथे पाणी मऊ करण्याबरोबर मीठ बाहेर काढून टाकायचं काम करतं. माहितीपत्रकातला ९० टक्के पुनर्वापराचा दावा या संचाच्या मांडणीत बसत नाही.

आरओचे चार घटक (म्हणजे चार मेंब्रेन) ४०४० मापाचे, म्हणजे चार इंच व्यासाचे आणि चाळीस इंच लांब, कमी मळणाऱ्या प्रकारचे. मिळून ३१-३२ चौरस मीटर. तासाला ८५० लिटर आत, ५५० लिटर शुद्ध, ३०० लिटर बाहेर, दाब १० ते १२ बार. हे प्रमाण संयमी आहे आणि आम्हाला आवडलं. ७५-८० टक्के काढायचा मोह टाळा. डिटर्जंटमध्ये मेटासिलिकेट असतं, बोअरमध्ये मुळातच सिलिका असते, आणि ६५ टक्क्यांवरच नाकारलेल्या पाण्यात सगळं जवळपास तिप्पट दाट झालेलं असतं. अँटिस्केलंट (पापुद्रा धरू न देणारं औषध) ३ ते ४ मिलिग्रॅम दर लिटर पुरतं, पण सिलिकासाठीचं वेगळं मागा, चुन्यासाठीचं साधं नको.

कापड मऊ करणाऱ्या सॉफ्टनरबद्दल विक्रेता एक शब्द काढत नाही, म्हणून इथे लिहितो. सॉफ्टनर धनभारित असतो. कापडाला चिकटावा म्हणूनच तसा केलेला. आरओची मेंब्रेन ऋणभारित. तो तिलाही तसाच चिकटतो, आणि धुऊन निघत नाही. दाबफरक वाढत नाही, टीडीएसही बिघडत नाही, फक्त पाणी हळूहळू कमी होत जातं. त्याआधी साठवण टाकीतच तो डिटर्जंटशी जुळून चिकट पांढरा साका तयार करतो, तो यूएफवर बसतो. सॉफ्टनर घातलेलं शेवटचं पाणी संचात येऊच देऊ नका, त्याला वेगळा निचरा द्या. खळीचंही तसंच. साड्या आणि दवाखान्याचे कोट कडक करायला वापरलेली शिजवलेली खळ यूएफच्या छिद्रांवर डिंकासारखी पसरते. हा वेगळा निचरा बांधताना फरशी फोडायचा खर्च येतो, म्हणून मालक टाळतात. पुढे मेंब्रेनचा खर्च त्याहून जास्त होतो.

बिघाड ओळखायला पॅनेलवरचे चार आकडे पुरतात: आत जाणारा दाब, दोन टोकांतला दाबफरक, शुद्ध पाण्याचा वेग आणि त्याचा टीडीएस. दाबफरक वाढला, तोही पहिल्या घटकावर, तर लिंट किंवा जंतूंचा चिकटा. टीडीएस वाढला आणि तो शेवटच्या घटकातून येतोय, तर चुना किंवा सिलिका. वेग वाढला आणि टीडीएसही वाढला तर आनंद मानू नका, क्लोरीनने मेंब्रेन खाल्ली आहे; ती परत नीट होत नाही. वेग कमी झाला, बाकी सगळं जागेवर, तर आधी तापमान बघा. पाणी एक अंशाने थंड झालं की वेग साधारण ३ टक्क्यांनी घटतो. इंदूरच्या जानेवारीत रात्री टाकीत थांबलेलं पाणी १५ अंशांवर येतं. उन्हाळ्यातल्या ३० अंशांच्या मानाने वेग जवळजवळ दोन-तृतीयांशच राहतो. नेमका तेव्हाच सेवा देणारा माणूस मेंब्रेन धुवायला सांगतो. आधी वेगाचा आकडा हिशेबाने २५ अंशांवर आणून तुलना करा.

धुवायचीच असेल तर आधी क्षार, मग आम्ल, हा क्रम मोडू नका. साबण-तेलाने मळलेल्या मेंब्रेनवर आधी आम्ल गेलं तर चरबी आतच घट्ट बसते. ०.१ टक्का कॉस्टिक, पीएच १२ च्या आत, ३० ते ३५ अंश कोमट, तासभर फिरवा, तासभर भिजवा, पुन्हा फिरवा, मग शुद्ध पाण्याने पूर्ण निथळू द्या. त्यानंतर २ टक्के सायट्रिक. धुलाईचं पाणी आरओच्याच शुद्ध पाण्यात बनवा; बोअरच्या कडक पाण्यात कॉस्टिक टाकलं की चुना तिथेच बसतो. वेग १० टक्क्यांनी घटल्यावर धुतली तर मेंब्रेन मूळ पदावर येते. ३० टक्के घटेपर्यंत थांबलात तर पूर्ण येत नाही.

यूएफचा धागा तुटलाय का हे बघायची सोय या संचात चांगली दिली आहे, तिचं कौतुक करायला हवं. मॉड्यूलमध्ये बाहेरच्या बाजूने एक बारची हवा भरायची आणि वरच्या पारदर्शक नळीत बुडबुडे बघायचे. एकेक, तुरळक बुडबुडा ठीक. सलग साखळी दिसली तर धागा तुटला. झाकण उघडून त्या धाग्याच्या तोंडात छोटी खुंटी ठोकतात. हे महिन्यातून एकदा करा. तुटका धागा तसाच राहिला तर आरओच्या आधीचा ५ मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर दोन दिवसांत काळा पडतो.

दवाखान्याचं कापड धुणाऱ्यांसाठी जास्तीची खबरदारी आहे. ते कापड ६५ ते ७१ अंशांवर धुतात, त्यामुळे जंतू मरतात. पण शेवटचं खंगाळणं थंड पाण्याने होतं आणि तिथे आरओच्या शुद्ध पाण्याची टाकीच घाण असेल तर सगळं वाया. आरओतून निघालेल्या पाण्यात क्लोरीन शून्य असतं, टाकीच्या भिंतीवर बुळबुळीत थर लवकर धरतो. टाकीच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर यूव्ही दिवा किंवा टाकीत ०.५ पीपीएम क्लोरीन ठेवा. टाकी बंद झाकणाची, तळ उतारता असावा. संचासोबत मिळणारी सपाट तळाची टाकी आम्ही नाकारू.

इथल्या हंगामांचाही विचार करा. रंगपंचमीच्या गेरनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, येणाऱ्या कपड्यांचा गुलाल सेटलरमध्ये बसतो, पण विरघळलेला रंग यूएफमधून पार होऊन पांढऱ्या चादरींच्या भिजवणीत जातो. ते दोन-तीन दिवस रंगीत गठ्ठ्यांचं पहिलं पाणी संचाला वळसा घालून निचऱ्याला द्या. लग्नसराईत मंडपवाल्यांचे पडदे येतात, धूळ आणि तेलाचे डाग भरपूर. सहा भांड्यांची डोसची चाचणी (जार टेस्ट) पुन्हा करा, जुना डोस चालत नाही. दिवाळीत आठवडाभर लाँड्री बंद राहिली तर आरओमध्ये १ टक्का मेटाबायसल्फाइट भरून ठेवा. यूएफचे धागे कधीही सुकू देऊ नका. सुकलेला पीव्हीडीएफ धागा पाणी घेत नाही. रविवारच्या सुटीला मात्र एवढं लागत नाही, बंद करताना शुद्ध पाण्याने दहा मिनिटं धुवून काढलं की पुरे.

विजेचा हिशेब असा बसतो: आरओचा २ एचपीचा पंप साडेसात तास, यूएफ आणि बाकी पंप दहा तास, टाकीचा फिरता पंप, मिळून दिवसाला २७ युनिटांच्या आसपास, म्हणजे परत मिळालेल्या १,००० लिटरला चार युनिटांहून थोडं कमी. त्यात औषधं, कार्ट्रिज, मेंब्रेनची झीज आणि रोज दोन तास लक्ष देणारा माणूस मिळवा. मग आपण टँकरला ऋतूप्रमाणे काय देतो ते समोर ठेवा. मऊ पाण्यामुळे पावडर कमी लागते आणि एक्स्चेंजरमुळे इंधन वाचतं, या दोन्ही बाजू विक्रेत्याच्या तक्त्यात नव्हत्या. प्रत्यक्षात फायदा बराचसा तिथूनच येतो. किंमत इथे देत नाही, कारण टाक्या, चबुतरा, डिस्क फिल्टर आणि एक्स्चेंजर धरून की सोडून यावर ती फार बदलते. दरपत्रकात हे चारही स्वतंत्र ओळीत मागा.

उरलेल्या पाण्याचं काय, हा प्रश्न शेवटी येतो पण परवानगी त्यावरच अडते. आरओने नाकारलेलं २,२०० लिटर पाणी २,८०० टीडीएसच्या घरात असतं. ते बागेला घालू नका, सोडियमने काळी माती घट्ट होते. मलवाहिनीत सोडायचं तर केंद्राच्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे बीओडी (जंतूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) ३५०, तरंगते घन पदार्थ ६००, तेल-ग्रीस २० मिलिग्रॅम दर लिटरच्या आत आणि पीएच ५.५ ते ९ हवा. मूळ पाण्याचा पीएच आधीच खाली आणलेला असल्याने हे सहसा जमतं, पण सॉफ्टनर आणि खळीचं वेगळं काढलेलं पाणी त्यातच मिसळत असाल तर बीओडी तपासून घ्या. मध्य प्रदेश प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घेताना या निचऱ्याचा नकाशाही जोडावा. सेटलरचा गाळ पातळ असतो. कापडी पिशवीत दोन दिवस निथळला की उचलण्याजोगा होतो. निथळलेलं पाणी परत साठवण टाकीत घ्या.

खरेदीपत्रात हे लिहून घ्या: ब्लोअरऐवजी फिरता पंप, १०० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर, हायपोनंतर तीन मिनिटांचा निचरा, आणि चाचणी तुमच्याच पाण्यावर, बोअरच्या नव्हे. चाचणी सलग आठवडाभर चालावी, त्यात एक दिवस फक्त टॉवेलचा असावा. आरओच्या तोंडाशी एसडीआय (पाणी मेंब्रेन किती लवकर बुजवेल याचा आकडा) ३ च्या खाली आणि शेवटच्या दिवशी यूएफचा दाबफरक पहिल्या दिवसाच्या दीडपटीच्या आत राहिला तरच शेवटचा हप्ता. मेंब्रेनच्या हमीत ‘क्लोरीनमुळे झालेलं नुकसान वगळून’ अशी ओळ असते. ती राहू द्या, पण त्याच्यापुढे ‘पॅनेलच्या टायमरमुळे आलेलं क्लोरीन धरून’ असं लिहून सही घ्या.